पंच क्रमांक दोन

2014 चा मे महिना होता. पारा 43 च्या पुढे गेलेला, आणि ऑफिसातला पंखा गरम वाराच फिरवत होता. बाराच्या सुमारास एक हवालदार आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेला. पाच मिनिटांत शिपाई मला बोलवायला आला. टेबलावर पोलीस ठाण्याचं पत्र होतं : झडतीला पंच, म्हणजे साक्षीदार, म्हणून एक महिला कर्मचारी द्यावी. त्या दिवशी ऑफिसात आम्ही दोघीच होतो, आणि दुसरीचं बाळ लहान. साहेब म्हणाले, "जाऊन या. सही करायची असते फक्त."

सही करायची असते फक्त, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. मीही तेच समजून जीपमध्ये बसले.

सोलापुरातला, होटगी रोडकडचा मोठा बंगला. मालकांचा टेरी टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, शहरात जुन्या मागांच्या दोन शेड, शिवाय जमिनी. सकाळी ते पलंगावर मेलेले आढळले. घरच्यांनी हार्ट अटॅक म्हणून नेहमीच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी ओठ उलटून आत पाहिलं आणि दाखला द्यायला नकार दिला. त्यावरून अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मी पोहोचले तेव्हा मृतदेह सिव्हिलला पोस्टमार्टेमसाठी गेला होता. दारात चपलांचा ढीग, आत बायकांचं रडणं, आणि हॉलमध्ये एक सहायक पोलीस निरीक्षक हातात मेजर टेप घेऊन उभे. तपास त्यांच्याकडे होता. ते मूळचे धाराशिवकडचे. आवाज इतका बारीक की पुढे होऊन ऐकावं लागे.

पहिला पंच कोपऱ्यावरचा एक दुकानदार. मी पंच क्रमांक दोन.

या पोलीस साहेबांनी आम्हा दोघांना दारातच थांबवलं आणि म्हणाले, "ही झडती माझ्यासाठी नाही. उद्या जज्जसाहेब या खोलीत येणार नाहीत. त्यांच्या वतीनं तुम्ही बघायचंय. दिसलं तेवढंच सांगा. न दिसलेलं माझ्या सांगण्यावरनं बी लिहू देऊ नका." त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 नुसार झडतीला त्या भागातले दोन तरी स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी लागत. लेखी हुकूम मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो गुन्हा होता. ही कलमं मला नंतर कळली. साहेबांची दारातली चार वाक्यं मात्र त्याच क्षणी कळली.

खोली मापली. दारापासून पलंग, पलंगापासून खिडकी, खिडकीचे गज. एसी 18 वर चालू होता, तेही लिहिलं. एसी कशाला लिहायचा, असं मी विचारलं. ते म्हणाले, बाहेर एवढं ऊन आणि आत गारठा. मेलेल्या माणसाचं अंग आखडायला गारठ्यात उशीर लागतो, मग वेळेचा हिशेब चुकतो. डॉक्टरांना हा आकडा लागणार.

पलंगावर पांढरा पलंगपोस होता. उशीच्या बाजूला, हातभर जागेत, बारीक निळा रुवा पडला होता. हवालदाराचं तिकडे लक्ष नव्हतं, माझं लगेच गेलं. आमचं घर पूर्व भागातलं. आजोबा करीमनगरकडून सोलापुरात मागावर आले, वडिलांनी उभा जन्म यंत्रमागावर काढला, आई विड्या वळायची. कोऱ्या टेरी टॉवेलचा रुवा कसा गळतो, किती धुण्यांनंतर थांबतो, हे मी लहानपणापासून पाहत आले. मी म्हटलं, "साहेब, हा कोऱ्या टॉवेलचा रुवा आहे."

त्यांनी वाकून पाहिलं. मग बाथरूममधले, कपाटातले सगळे टॉवेल बाहेर काढायला लावले. अकरा निघाले, अकराही पांढरे. रुवा सेलोटेपवर चिकटवून घेतला, कागदावर लावला, पाकीट केलं. हवालदार लिहू लागला : "कोऱ्या निळ्या टॉवेलचे तंतू..." साहेबांनी त्याचा हात थांबवला. मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला इथं टॉवेल दिसतोय?"

"नाही."

"मग काय दिसतंय?"

"निळे धागे. सुती वाटतात."

"तेच लिहा. 'निळ्या रंगाचे, सुती दिसणारे बारीक तंतू.' टॉवेलचं तुम्हाला माहीत आहे, दिसत नाही. माहीत असलेलं मला सांगा, ते माझ्या कामाचं. पंचनाम्यात दिसलेलं जाईल."

चार वर्षांनी हे एक वाक्य माझ्या किती उपयोगी पडणार होतं, याची तेव्हा कल्पना नव्हती.

मग कपाट. किल्ली घरच्या बाईंकडे, म्हणजे मृताच्या पत्नीकडे होती. त्या दारात बसून होत्या, थोरला मुलगा पाठीशी उभा. रोकड मोजली. दागिने एकेक करून लिहिले. मुदत ठेवींच्या पावत्या, जमिनीचे उतारे, कोरे स्टँप पेपर. स्टँप पेपर चारच दिवसांपूर्वी विकत घेतलेले, मागच्या शिक्क्यावर तारीख होती. सगळ्यात खाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. झाकण उघडलं आणि घरातलं रडणं एकदम थांबलं. ती शांतता मला आजही आठवते.

डब्यात एका मुलीचा फोटो आणि शाळेच्या फीच्या पावत्या होत्या. शाळा भिवंडीची. पावत्या मीच मोजल्या, हवालदाराच्या हाताला घाम होता म्हणून. चौदा. पहिली बालवाडीची, शेवटची बारावीची. पालकाच्या जागी मृताचं नाव. थोरला मुलगा म्हणाला, "ते धंद्याचं आहे. कामगाराच्या पोरीचं." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नग चौदा," एवढंच म्हणाले. हवालदारानं लिहिलं.

घरातली गुपितं उघडी पडताना पाहणं फार अवघड असतं. लग्न झालेली तीन मुलं, सुना, नातवंडं, आणि त्यांच्यासमोर त्यांच्या घरातलं सगळं मी, एक परकी बाई, हाताळत होते. पण साहेबांनी एकही टोचणारा प्रश्न तिथं विचारला नाही. वस्तू बोलतायत तोवर माणसांना कशाला बोलतं करायचं, अशी त्यांची रीत होती. तेवढ्यासाठी मला तो माणूस आवडला.

तीनच्या सुमारास घसा सुकला म्हणून मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. धाकट्या सुनेनं तांब्या दिला. शेजारच्या देवघरात मायलेक होते, दार अर्धवट लोटलेलं. मी दिवसभर मराठीत बोलत होते, कुणाला वाटलं नसेल की मला कळेल. बाई मुलाला तेलुगूत विचारत होत्या, "तुवाल याड पेट्टिनव रा?" टॉवेल कुठं ठेवलास रे. आणि थोरला म्हणाला, "ऊको अम्मा, ऊको." गप्प बस आई.

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला.

पंचनामा पाचला संपला. हवालदारानं वाचून दाखवला. सुरुवातीलाच ठरीव मजकूर होता : "आम्ही पंच सकाळी 11.30 वाजता हजर झालो." मी 12.20 ला पोहोचले होते. दुकानदार म्हणाला, "काय फरक पडतो वो मॅडम, करा की सही." मी केली नाही. साहेबांनी आकडा खोडला, खरी वेळ लिहिली, बाजूला आमच्या दोघांच्या आणि स्वतःच्या छोट्या सह्या घेतल्या. जप्त केलेल्या प्रत्येक पाकिटाला दोरा, त्यावर लाख, लाखेवर ठाण्याचं सील, आणि आत आमच्या सह्यांचं लेबल. उकळत्या लाखेचा वास साडीला दोन दिवस होता.

देवघरातलं मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

रात्रभर झोप आली नाही. मी वस्तू बघायला गेले होते, चोरून ऐकायला नाही, असं एक मन म्हणे. आणि ती भाषा माझी होती. माझ्या आईच्या तोंडची. ज्या भाषेत आई मला "ऊको" म्हणत थोपटायची, त्याच भाषेत ऐकलेलं मी पोलिसांना नेऊन द्यायचं? सकाळी वडिलांना सगळं सांगितलं. ते कडक भाकरी चटणीशी मोडत होते, हात थांबला. म्हणाले, "मेलेला माणूस बी तेलुगूच बोलत होता की." मी उठले आणि ठाण्यात गेले.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. जबाब नोंदवला. पोलिसांपुढच्या जबाबावर सही नसते, म्हणून मला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेऊन कलम 164 खाली शपथेवर जबाब घेतला. तेलुगू वाक्य त्यांनी जसंच्या तसं देवनागरीत लिहून घेतलं आणि पुढे मराठी अर्थ. त्या दोन शब्दांचा उच्चार मी तीनदा करून दाखवला.

तोवर पोस्टमार्टेमचा अभिप्राय आला होता आणि सरकारतर्फे खुनाचा गुन्हा दाखल झाला होता, तेव्हाचं कलम 302. मधल्या दिवसांत काय तपास झाला तो मी पाहिला नाही. नवव्या दिवशी पुन्हा पत्र आलं. थोरला मुलगा अटकेत होता आणि त्याला काही काढून द्यायचं होतं.

ठाण्यातल्या एका खोलीत आम्ही दोघं पंच, साहेब, लेखनिक आणि तो. दाढी वाढलेली, शर्ट तोच. साहेबांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का. तो नाही म्हणाला. मग बोलायला लागला : टॉवेल साखर पेठेतल्या आमच्या बंद शेडमध्ये ठेवलाय, चला, काढून देतो. लेखनिकानं लिहिलं. तो बोलतच राहिला, त्या रात्रीचं, बापाचं, भिवंडीचं. साहेबांनी लेखनिकाचं पेन हातानं दाबून धरलं. "एवढंच. पुढचं लिहू नको."

मला नवल वाटलं. माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय आणि हे थांबवतायत! जीपमध्ये त्यांनी समजावलं. पोलिसांपुढची कबुली कोर्ट वाचत नाही. पुरावा कायद्याचं कलम 25 तसं सांगतं, आणि ते योग्यच आहे, नाहीतर मारून कबुल्या घेता येतील. कलम 27 एवढीच फट ठेवतं : आरोपीनं सांगितल्यामुळे जे नवीन सापडलं, तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं चालतं. 1946 साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही रेघ आखून दिली. सापडलेली गोष्ट म्हणजे नुसती वस्तू नाही, ती जागा आणि ती जागा आरोपीला माहीत असणं. तो खटलाही आंध्रातल्या गुंटूरकडचा, हे ऐकून मला उगीचच चुटपुट लागली.

साखर पेठेत जीप बोळाच्या तोंडाशी थांबली. आरोपी पुढे, आम्ही मागे. कोण कुणाच्या पुढे चाललं, हेसुद्धा पंचनाम्यात येतं. आजूबाजूच्या घरांतून मागांची खटखट चालू होती, ही शेड तेवढी मुकी. कुलपाची किल्ली त्याच्याच घरून आणलेल्या जुडग्यात होती आणि ती त्यानं स्वतः निवडली. आत चार बंद माग, जाळ्या, धुळीत पडलेला धोटा. रिकाम्या बीमच्या मागं वेस्ट सुताचं पोतं होतं. त्यानं हात घालून तळातून निळा टॉवेल काढला. एका टोकाला तपकिरी डाग. टॉवेल कोरा होता, कारखान्याचं लेबलही निघालं नव्हतं. मी त्याला हात लावला नाही. मापं सांगितली, डाग सांगितला, लेबल सांगितलं. डाग कशाचा, हे कुणी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सगळा मुद्देमाल पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे गेला.

नव्वद दिवसांच्या आत दोषारोपपत्र दाखल झालं. मग जवळजवळ साडेतीन वर्षं काहीच नाही.

समन्स आलं ते 2018 च्या जानेवारीत, होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा. सरकारी वकिलांनी पंचनामे वाचायला दिले. माझ्या सह्या पाहून मला त्या दिवसाचा लाखेचा वास आला.

पहिल्या पंचाची साक्ष माझ्या आधी. तो फितूर झाला. कोऱ्या कागदांवर पोलिसांनी सह्या घेतल्या, मी काही पाहिलं नाही, असं सांगून खाली उतरला. साक्षीदाराला आपली पाळी येईपर्यंत बाहेर बसावं लागतं, म्हणून मला ते नंतर समजलं. त्या पोत्यातून टॉवेल निघाला तेव्हा तो माझ्या खांद्याशी उभा होता, "अरे देवा" म्हणाला होता. मला त्याचा राग आला. अजूनही आहे. त्याला पैसे मिळाले की धमकी मिळाली, मला ठाऊक नाही, पण त्याच्या त्या एका वाक्यानं सगळा भार माझ्या एकटीवर आला.

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, वीस मिनिटांत झाला. लखोटे फोडले, लेबलं दाखवली, "ही सही तुमचीच का?" उलटतपास दोन तास. बचाव पक्षाचे वकील अनुभवी, आवाज गोड.

"तुम्ही पोलिसांच्या नेहमीच्या पंच आहात." नाही, याआधी किंवा नंतर कधीच नाही. "मग दोन्ही पंचनाम्यांना तुम्हीच कशा?" पत्र आलं, मी गेले. "पंचनाम्यात वेळ खोडलेली आहे. हा कागद नंतर तयार केला." मी म्हटलं, नंतर तयार केला असता तर खोडायची पाळीच आली नसती, चुकीची वेळ होती, मी सही करायला नकार दिला, बाजूला तिघांच्या सह्या आहेत. जज्जसाहेबांनी कागद मागून घेऊन पाहिला.

"ते तंतू टॉवेलचेच होते हे तुम्हाला कुणी पढवलं?"

"तंतू टॉवेलचे होते असं मी कुठंच म्हटलेलं नाही. निळ्या रंगाचे, सुती दिसणारे, एवढंच म्हटलंय."

त्यांनी पान उलटून पाहिलं आणि तो प्रश्न सोडला. धाराशिवकडचा तो बारीक आवाज त्या क्षणी माझ्या कानात होता.

देवघरातल्या वाक्यावर ते जास्त वेळ थांबले. तुवाल म्हणजे अंघोळीचा कुठलाही टॉवेल, घरात प्रेत, आंघोळीची तयारी, आई टॉवेल विचारणारच. मी मान्य केलं : हो, तुवाल म्हणजे कुठलाही टॉवेल. "मग 'ऊको' का म्हणाला, हे तुम्ही सांगू शकता?" नाही. मी ऐकलं तेवढं सांगितलं. तो का म्हणाला हे मी कसं सांगणार? खाली उतरताना वाटलं, सगळं हातचं घालवलं. सरकारी वकील म्हणाले, उलट, तुम्ही ओढून ताणून अर्थ लावला नाहीत म्हणून तुमचं बाकीचं टिकेल.

साक्ष झाल्यावर मला आत बसता येत होतं. रजा टाकून मी पुढच्या तारखांना गेले. डॉक्टरांची साक्ष ऐकली. मेल्यावर रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं आणि काही तासांनी तिथंच बसून जातं. प्रेत उताणं सापडलं, पण डाग छातीवर आणि चेहऱ्यावर. म्हणजे कित्येक तास ते पालथं होतं आणि मग कुणीतरी उलटवलं. ओठाच्या आत दातांच्या खुणा, नाकात निळे तंतू. प्रयोगशाळेच्या अहवालात नाकातले, पलंगावरचे आणि टॉवेलचे तंतू जुळत होते, डागातलं रक्त मृताचं होतं.

कारण जे पुढं आलं ते असं. भिवंडीला त्यांचा दुसरा संसार होता, वीसेक वर्षांचा. घरात पत्नीला माहीत, थोरल्याला माहीत, बाकीच्यांना नाही. अशा लग्नाला कायदा मान्यता देत नाही, पण त्यातल्या मुलांना हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 नं औरस मानतो आणि आईबापाच्या मालमत्तेत त्यांना हक्क असतो. मालकांना तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. साखर पेठेतली शेड मुलीच्या नावानं बक्षीसपत्र करून द्यायची, म्हणून ते स्टँप पेपर. बंद पडलेली ती शेड, चार गंजके माग. तिच्यापायी. आणि वारसा कायद्याचं कलम 25 असं आहे की खून करणाऱ्याला मेलेल्याच्या मालमत्तेतला वाटाच मिळत नाही. सरकारी वकिलांनी हे सांगितलं तेव्हा आरोपीनं मान वर केली. बहुतेक त्याला ते तोवर ठाऊक नव्हतं.

आईनं साक्षीत काहीच आठवत नाही म्हणून सांगितलं. तिलाही फितूर ठरवलं. तिच्यावर मला राग धरता आला नाही.

प्रत्यक्ष पाहणारा एकही साक्षीदार नव्हता, म्हणून युक्तिवादात सर्वोच्च न्यायालयाचा 1984 चा शरद बिरधीचंद सारडा निकाल निघाला. परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या त्यात आहेत, निकालातच त्यांना पंचशील म्हटलंय. साखळीचा एकही दुवा सुटता कामा नये आणि आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यता उरता कामा नये. एक दुवा म्हणून माझं नाव तीनदा घेतलं गेलं, 'पंच क्रमांक दोन' म्हणून. जन्मठेप झाली.

1 जुलै 2024 पासून कायदे बदलले. खुनाचं 302 आता भारतीय न्याय संहितेत 103 झालं, आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. चांगलंच झालं, कोऱ्या कागदाची सबब आता सहज चालणार नाही. पण त्या रुव्याकडे कॅमेरा वळवायला माणूस लागणारच.

एक गोष्ट सांगायची राहिली. युक्तिवादाच्या दिवशी कोर्टाच्या मागच्या बाकावर एक मुलगी एकटीच बसली होती, बावीस-तेवीसची. मी फोटोवरून ओळखलं. घरचे सगळे पुढे, तिच्या बाकावर कुणीच नाही. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. जेवणाच्या सुट्टीत तिनं तेलुगूत विचारलं, कपाट तुम्हीच बघितलं ना? मी हो म्हटलं.

"माझ्या पावत्या होत्या?"

"चौदा होत्या. बालवाडीपासून."

"सगळ्या?"

"सगळ्या. तारखेवार लावलेल्या होत्या. मी एकेक मोजल्या."

तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढली, आधी माझ्यापुढे केली. आम्ही पुकारा होईपर्यंत तिथंच बसून राहिलो.